कढई विचारावी : 'फिश अँड चिप्स' या ब्रिटिश आहाराचा अष्टविध आयतनांनुसार विचार

प्रस्तावना

मुलगा अथवा मुलगी इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली आहे, आई-वडील तीन-चार महिन्यांसाठी, क्वचित कायमचेच, तिकडे निघाले आहेत, आणि निघण्यापूर्वी औषधे बांधून घेताना ते विचारतात, "तिकडे बाहेर जेवायची वेळ आली तर काय चालेल?" असा प्रसंग आपणा सर्व वैद्यांच्या परिचयाचा झाला आहे. आपण बहुधा एका वाक्यात उत्तर देतो : बाहेरचे टाळा, तळलेले टाळा. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. तो किती अपुरा ठरू शकतो, हे मला माझ्या स्वतःच्या चुकीतून समजले.

माझी मावशी वयाच्या सत्तरीनंतर मुलाकडे यॉर्कशायरमध्ये राहावयास गेली. काकांच्या निधनानंतर तिने माळ घातली, तेव्हापासून कोकणातली असूनही मासळी पूर्ण सोडली. पूर्वीपासून अम्लपित्ताचा त्रास व माझीच चिकित्सा चालू. एकदा तिने दूरध्वनीवर विचारले, "शुक्रवारी सगळे मासे खायला जातात. मी नुसते चिप्स खाल्ले तर चालतील का रे?" मी रुग्णांच्या गर्दीत होतो. "थोडे चालतील मावशी, मीठ कमी घे," एवढे बोलून मी दूरध्वनी ठेवला. त्या उत्तरात काय राहून गेले, ते पुढे येईलच. प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ.

पदार्थाचा परिचय

'फिश अँड चिप्स' म्हणजे पिठात बुडवून तळलेला समुद्री माशाचा मोठा तुकडा व सोबत बटाट्याचे जाड, लांबट तळलेले काप. येथेच एक शब्दभ्रम होतो. आपल्याकडे चिप्स म्हणजे कुरकुरीत पातळ वेफर्स; इंग्लंडमध्ये त्यांना 'क्रिस्प्स' म्हणतात. तेथील चिप्स बोटाएवढे जाड, बाहेरून किंचित कडक व आतून मऊ असतात. रुग्ण 'चिप्स' म्हणाला तर कोणते, हे विचारल्याशिवाय मात्रा सांगता येत नाही.

तळलेला मासा इंग्लंडमध्ये आणला तो स्पेन व पोर्तुगालमधून आलेल्या ज्यू निर्वासितांनी, असे मानले जाते. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतला; आपल्याकडे तो पोर्तुगीजांमार्फत आला आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून मराठीत रुजला. मासा व बटाटा एकत्र विकणारे पहिले दुकान कोणाचे याबद्दल दोन दावे आहेत : पूर्व लंडनमधील जोसेफ मालिन, सुमारे १८६०, आणि लँकेशायरमधील मॉस्ली येथील जॉन लीस, सुमारे १८६३. पुढे गिरण्या, खाणी व गोद्यांतील कामगारांचे हे स्वस्त, ऊन व पोटभरीचे अन्न झाले. १९१३ मध्ये या व्यावसायिकांचा राष्ट्रीय संघही स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धात तेथे अनेक जिनसांवर शिधावाटप आले, परंतु मासा व बटाटा त्यातून मुक्त राहिले. शुक्रवारी मांस वर्ज्य करून मासा खाण्याच्या ख्रिस्ती प्रथेमुळे शुक्रवारचा संबंध या जेवणाशी जोडला गेला, तो धर्माचरण सैल झाल्यावरही टिकून आहे. पूर्वी हे अन्न वर्तमानपत्रात गुंडाळून देत; छपाईच्या शाईचा विचार होऊन ती रीत मागे पडली.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराचे हिताहित ठरविणारी आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. या ताटाचा विचार त्याच क्रमाने करू.

१. प्रकृती

मत्स्यवर्ग सामान्यतः मधुर, गुरु, उष्ण, स्निग्ध, बल्य, बृंहण, वातहर व कफपित्तवर्धक असा वर्णिलेला आहे. सुश्रुताचार्यांनी नदीतील व समुद्रातील माशांचे गुण वेगळे सांगितले आहेत. इंग्लंडमध्ये मुख्यतः कॉड व हॅडॉक हे दोन समुद्री मासे वापरतात. यॉर्कशायर व स्कॉटलंडमध्ये हॅडॉकला पसंती असते. हे दोन्ही मासे आपल्या बांगड्या-तारलीच्या मानाने पुष्कळच कमी चरबीचे आहेत. कॉडची चरबी त्याच्या यकृतात साठते. कॉडलिव्हर तेल येते ते तेथून. म्हणजे या ताटातील स्निग्धत्व बव्हंशी माशाचे नसून तळण्याच्या स्नेहाचे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

बटाटा संहितांमध्ये नाही. रस मधुर, गुण गुरु, कंदवर्गातील इतर द्रव्यांप्रमाणे विष्टंभी, असा विचार अनुमानाने करावा लागतो. सोबत येणारा वाटाणा म्हणजे कलाय, रूक्ष व वातकर.

२. करण

करण म्हणजे संस्कार. या पदार्थाचे सारे मर्म येथे आहे. मैद्याचे पीठ पाण्यात, काही ठिकाणी बिअरमध्ये, सैलसर भिजवून त्यात फुगविणारी पूड घालतात. त्यात बुडविलेला मासा सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्नेहात सोडला की बाहेरचे पीठ लगेच कडक होते व आतला मासा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. म्हणजे मासा खरे तर स्वेदित असतो आणि तळले जाते ते आवरण. पीठ काढून आतला मासा खाल्ला तर गुरुत्व बरेच कमी होते, याचे कारण हेच.

बटाट्याच्या कापांवर असे आवरण नसते. ते स्नेह सरळ शोषतात. काप जितके जाड, तितका वजनाच्या प्रमाणात स्नेह कमी शोषला जातो. पिष्टमय द्रव्य उच्च तापमानावर करपेपर्यंत तळले असता ॲक्रिलामाइड नावाचे अनिष्ट द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून सोनेरी रंगापर्यंतच तळलेले घ्यावे, तपकिरी झालेले बाजूला काढावे.

आता प्रश्न स्नेहाचा. आचार्यांनी सर्पि, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. इंग्लंडच्या दक्षिण भागात बहुधा वनस्पतिज तेल अथवा पामतेल वापरतात. परंतु उत्तरेत, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, अनेक दुकाने आजही परंपरेने गोवसा, म्हणजे गाई-बैलांची वितळविलेली चरबी, वापरतात. त्यांना त्याचा अभिमान असतो व पुष्कळदा तसा फलकही लावलेला असतो. त्याच चरबीत बटाट्याचे काप तळले जातात. दिसावयास निव्वळ बटाटा. संस्काराने तो बटाटा राहिलेला नसतो.

वनस्पतिज तेल असले तरी मासा व काप यांच्यासाठी वेगळ्या कढया असतीलच असे नाही. या संदर्भात चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायातील एक उल्लेख विचार करण्याजोगा आहे. मासे तळून उरलेल्या स्नेहात सिद्ध केलेली पिप्पली तेथे अत्यंत अहितकर म्हटली आहे. हा निर्देश पिप्पलीपुरता आहे. तो ओढून बटाट्यावर लावणे योग्य नव्हे. परंतु ज्या स्नेहात मासा तळला गेला तो स्नेह पूर्वीचा राहत नाही, त्याचा वेगळा विचार करावा लागतो, एवढी दृष्टी त्यातून निश्चित मिळते.

पुनःपुन्हा तापविलेल्या तेलाचा प्रश्न आपल्याकडेही आहेच. भारतात १ जुलै २०१८ पासून, एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल तळणासाठी वापरू नये, असा नियम आहे. काळवंडलेले, फेस येणारे, उग्र वासाचे तेल दिसले की ते दुकान टाळावे, हे रुग्णास साध्या शब्दांत सांगावे.

३. संयोग

ताटावर मीठ व व्हिनेगर शिंपडतात. तेथील माल्ट व्हिनेगर मोड आणलेल्या जवापासून बनते : प्रथम मद्यसंधान, नंतर अम्लसंधान. आपल्या संधानकल्पनेतील सौवीरक व तुषोदक ही यवापासून केलेली अम्ल द्रव्ये त्याची जवळची नातलग म्हणता येतील. मात्र पुष्कळ दुकानांतील बाटलीत असते ते खरे व्हिनेगर नसून पाण्यात ॲसेटिक आम्ल व रंगासाठी कॅरॅमल मिसळून केलेले द्रव्य असते. त्यास व्हिनेगर म्हणून विकता येत नाही, म्हणून त्याला 'न मुरविलेले तोंडीलावणे' अशा अर्थाचे वेगळे नाव आहे. प्रतिनिधी द्रव्य आपल्याही शास्त्रास मान्य आहे, परंतु ते प्रतिनिधी म्हणूनच सांगून दिले पाहिजे.

विरुद्धाहाराचा विचार येथे नेमकेपणाने करावा. मासे व दूध एकत्र सेवन करू नयेत, दोन्ही मधुर व महाअभिष्यंदी असून वीर्याने परस्परविरुद्ध आहेत, हा सिद्धान्त आपणास ज्ञात आहे. प्रत्यक्ष फिश अँड चिप्समध्ये सामान्यतः दूध नसते. सोबतचा टार्टार सॉस अंडे, तेल व आंबविलेल्या काकडीचा असतो. परंतु जेवणासोबत दुधाचा चहा, मुलांसाठी मिल्कशेक, आणि वर आइस्क्रीम ही तेथील सर्वसाधारण रीत आहे. विरोध ताटात नसून ताटाच्या शेजारी आहे. आपल्या कोकण-गोव्यातील मासळीच्या जेवणाचा शेवट सोलकढीने होतो. तिच्यातील दूध नारळाचे असते व अम्लत्व कोकमाचे. पूर्वजांनी ही जोडी उगाच बसविलेली नाही.

४. राशी

मोठ्या वाढणीत सुमारे आठशे ते हजार किलोकॅलरी सहज होतात. तेथील आरोग्य यंत्रणेने प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २०००, पुरुषासाठी २५०० किलोकॅलरी हे सर्वसाधारण मान सांगितले आहे. मिठाची मर्यादा दिवसाला ६ ग्रॅम आहे. वाढणी लहान मागता येते. बालकांची व वृद्धांची लहान वाढणी अनेक ठिकाणी मिळते. संपूर्ण ताटाची एकत्रित मात्रा म्हणजे सर्वग्रह व प्रत्येक घटकाची स्वतंत्र मात्रा म्हणजे परिग्रह, हा भेद येथे उपयोगी पडतो. मासा पुरेसा, काप अर्धे, पीठ त्याहून कमी, असे परिग्रहाने सांगितले तर रुग्णास पाळता येते.

५ व ६. देश आणि काल

हेमंतात अग्नी बलवान असतो आणि त्या काळी स्निग्ध, अम्ल, लवण रस व जलचर-आनूप प्राण्यांचे मांस सेवन करावे, असे ऋतुचर्येत सांगितले आहे. व्हिटबीच्या बंदरावर डिसेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यात उभे राहून पाहिले तर या ताटात नेमके तेच दिसते : स्निग्ध, अम्ल, लवण आणि जलचर. त्या देशी, त्या काळी, त्या शरीरांसाठी हे अन्न सहजपणे घडत गेले आहे. तेच ताट शरदाच्या उन्हात मुंबईच्या वातानुकूलित भोजनगृहात समोर आले की देश व काल दोन्ही बदलतात आणि पित्ताचा संचय-प्रकोप व्हावयास वेळ लागत नाही. म्हणून 'परदेशी अन्न वाईट' असे सरसकट विधान शास्त्रास धरून होत नाही.

७. उपयोगसंस्था

ऊन, स्निग्ध, मात्रायुक्त, पूर्वीचे अन्न जिरल्यावर, मन लावून खावे, हे नियम आपण नित्य सांगतो. हे अन्न ऊन खाल्ले जाते, ही जमेची बाजू. परंतु कागदाचे पुडके हातात घेऊन, समुद्रपक्ष्यांपासून घास वाचवीत, चालता चालता खाणे हे अतिद्रुत सेवन होय. भोजनगृहात बसून खाणे त्याहून चांगले. वेळ मध्यान्हीची असावी. रात्री उशिरा नसावी.

८. उपयोक्ता

वसा हा स्नेह कोणास योग्य, याचे वर्णन करताना चरकाचार्यांनी वारा-ऊन सोसणारे, भार वाहून व चालून कृश झालेले, रूक्ष शरीराचे व दीप्ताग्नी असे पुरुष सांगितले आहेत. लँकेशायरचा गिरणी कामगार किंवा यॉर्कशायरचा खाणकामगार या वर्णनात चपखल बसतो. परंतु आज त्या बाकावर बसलेली माणसे दिवसभर संगणकापुढे असतात. आणि आपले रुग्ण तर बहुधा मंदाग्नी, अल्पव्यायामी, वृद्ध. पदार्थ तोच राहिला, उपयोक्ता बदलला.

उपयोक्त्यामध्ये त्याचे ओकसात्म्य जसे येते, तसे त्याचे व्रतही येते असे माझे मत आहे. आणि आता मावशीकडे वळतो.

माझी चूक

२०१८ मध्ये मी तिच्याकडे गेलो. शुक्रवारी सर्व मंडळी नेहमीच्या भोजनगृहात गेलो. रांगेत उभा असताना भिंतीवरील फलक वाचला : आमच्याकडे सर्व पदार्थ पारंपरिक गोवसेत तळले जातात. मी गल्ल्यावरील मुलीला पुन्हा विचारले. "हो, चिप्ससुद्धा," ती आनंदाने म्हणाली. तिने काही लपविले नव्हते. फलकही लपविलेला नव्हता. मावशीला इंग्रजी वाचता येत नव्हते, मावसभावाचे तिकडे लक्ष गेले नव्हते, आणि मला विचारले होते तेव्हा मी मिठाबद्दल बोललो होतो. दोन वर्षे, जवळजवळ दर शुक्रवारी, माळ घातलेली ती बाई माझ्या परवानगीने गोवसेत तळलेले अन्न खात होती.

सांगावे की न सांगावे, असा विचार एक क्षण मनात आला हे कबूल करतो. मावसभाव म्हणालाही, "आता झालं ते झालं, पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ." परंतु न सांगणे म्हणजे तिच्या व्रताचा निर्णय आम्ही घेण्यासारखे होते. घरी आल्यावर मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मी तुला बटाटा विचारला. कढई तू विचारायची होतीस. वैद्य तू आहेस."

यावर उत्तर नव्हते. चारपैकी कोणता स्नेह, हा प्रश्न मी पंचकर्मापूर्वी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत विचारतो. मावशीच्या ताटाबाबत विचारला नाही. करण हे आयतन मी केवळ परीक्षेपुरते पाठ केले होते.

तिने त्या महिन्यात एक एकादशी अधिक धरली. शुक्रवारचे जाणे मात्र सोडले नाही; नातवंडांबरोबर बसण्याची तिची ती वेळ होती. मावसभावाने चौकशी करून वनस्पतिज तेल वापरणारे व कापांसाठी वेगळी कढई ठेवणारे दुकान शोधले. मी सांगितल्याप्रमाणे लहान वाढणी, व्हिनेगर नाही, दुपारची वेळ, रात्री फक्त मुगाचे कढण, असा क्रम ठेवला. अम्लपित्ताचा त्रास वाढला नाही.

रुग्णास द्यावयाच्या सूचना

१) प्रथम विचारावे : कोणत्या स्नेहात तळता? मासा व काप एकाच कढईत का? इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून चौदा ॲलर्जीजनक द्रव्यांची माहिती ग्राहकास देणे बंधनकारक आहे. त्यांत मासा, दूध, अंडे व गव्हातील ग्लूटेन येतात, गोवसा येत नाही. म्हणून ती स्वतंत्रपणे विचारावी लागते.

२) अम्लपित्त, रक्तपित्त व त्वग्विकारांच्या रुग्णांनी व्हिनेगर व वरचे मीठ नको असे आधीच सांगावे.

३) मासा खाणाऱ्यांनी पिठाचे आवरण काढून आतील मासा घ्यावा, भाजलेला वा वाफविलेला मासा मिळत असल्यास तो श्रेयस्कर.

४) माशानंतर दूध, मिल्कशेक, आइस्क्रीम टाळावे; कोमट पाणी घ्यावे.

५) वातप्रकृतीच्या रुग्णांनी वाटाण्याचा लगदा अल्प घ्यावा. त्यासाठी वाटाणे खाण्याच्या सोड्यात भिजवितात. क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा, हा उपदेशही विमानस्थानाच्या त्याच अध्यायात आहे.

६) पुढचे जेवण लघु असावे : पेया, मुगाचे कढण अथवा भूक नसल्यास लंघन.

औषधनिर्माते व औषधविक्रेते यांच्यासाठी

या प्रसंगाने मला आपल्या कपाटाकडेही नव्याने पाहावयास लावले. शाकाहारी रुग्णास आपण चूर्ण कॅप्सूलमध्ये भरून देतो; ते आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज, असू शकते. वनस्पतिज सेल्युलोजचे आवरणही उपलब्ध आहे, किंमत थोडी अधिक. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्य असते. ज्यांस ते व्रताने अथवा धर्माने वर्ज्य आहे त्यांना आपण सांगतो का? त्या दुकानाने निदान भिंतीवर फलक लावला होता. आपल्या किती औषधालयांत असा फलक आहे?

उपसंहार

फिश अँड चिप्स हे पथ्य की अपथ्य, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. मासा, स्नेह, अम्ल, मात्रा, ऋतू आणि खाणारा माणूस यांचा एकत्र विचार केल्यावरच उत्तर मिळते, आणि ते प्रत्येकासाठी वेगळे असते. रुग्ण द्रव्याचे नाव सांगतो. संस्कार विचारणे हे वैद्याचे काम आहे. मावशी आता हयात नाही. तिच्या वाक्याची आठवण म्हणून माझ्या रुग्णपत्रिकेत 'आहार' या शीर्षकाखाली एक रकाना वाढविला आहे : 'कढई'. वैद्यबंधू-भगिनींनीही तो आपल्या पत्रिकेत घालावा, ही विनंती.